न मोजलेला कोन

मी आयुष्यभर खड्डे मोजले. हे ऐकून कोणी हसलं तर माझी हरकत नाही, माझी बायकोही हसते. डिचोली तालुक्यातल्या खाणींवर मी सर्वेअर होतो. किती माती निघाली, किती खनिज निघालं, खड्डा आपल्या लीजच्या आत आहे की शेजारच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत घुसलाय, हे थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, लावून बघायचं आणि नकाशावर उतरवायचं, एवढंच माझं काम. ते खनिज बार्जमध्ये भरून आमच्या नार्व्याच्या नदीतून मुरगावला जायचं. पुढे खाण बंद पडली, जुनं सामान मोडीत निघालं, तेव्हा मी माझा थिओडोलाइट घरी आणला. तो पिवळ्या फडक्यात गुंडाळून दिवाणखान्यातल्या कपाटात ठेवला आणि दर रविवारी त्याला तेल-पाणी करू लागलो. बायको म्हणाली, म्हातारपणी सवत आणलीत, पण निदान ही जेवायला मागत नाही.

आम्हाला मुलगी एकच. लहानपणापासून अभ्यासात हुशार, आणि हट्टात माझ्यावर गेलेली. डिचोलीत शाळा झाली, पणजीत कॉलेज झालं, मग पुण्यात भौतिकशास्त्र झालं. गेल्या पौषात ती सुट्टीला घरी आली ती एक पत्र घेऊनच. युरोपातल्या एका विद्यापीठात तिला पाच वर्षांसाठी संशोधनाची जागा मिळाली होती. विषय काय, तर विश्वाचा आकार आणि त्याचा आवाका. महिनाअखेरीपर्यंत होकार कळवायचा होता.

मी पत्र दोनदा वाचलं आणि बघूया म्हटलं.

आमच्या घरात बघूया या शब्दाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. नवीन फ्रिज, घरावर पत्रे, बायकोला शिवणयंत्राची मोटार, सगळ्यांना मी आधी बघूया म्हटलं होतं, आणि त्यातलं निम्मं अजून बघायचंच आहे. मुलगी आता सज्ञान आहे, शिष्यवृत्तीही तिची स्वतःची, मला न विचारता गेली असती तरी मी काय करणार होतो? पण तिने आईला सांगितलं की बाबांनी तोंडाने हो म्हटल्याशिवाय मी होकार पाठवणार नाही. हे ऐकल्यापासून माझी जास्तच पंचाईत झाली. नुसता विरोध करायचा असता तर सोपं होतं.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. पुण्याला असताना ती चवथीला यायची, शिगम्याला यायची, मध्येच आंबे संपत आले की यायची. तिकडे गेली की पाच वर्षांची सात होणार, सातांची कायमची होणार, हे मी दुसऱ्यांच्या घरात पाहिलं होतं. संध्याकाळी आम्ही दोघं समोरासमोर बसून चहा पिणार आणि एकमेकांची औषधं विचारणार. हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही. त्याऐवजी मी तिच्या विषयालाच नावं ठेवायला सुरुवात केली.

आकाश बघायला एवढ्या लांब कशाला जायचं, नार्व्यातून दिसत नाही का? पोटापाण्याचा काही उपयोग? बायकोचं माहेर पेडण्यातलं, मांद्र्याचं. तिच्या भावाने घराच्या मागे चार खोल्या बांधल्यात आणि हिवाळाभर त्या गोऱ्या लोकांनी भरलेल्या असतात. मी म्हटलं, ते लोक पैसे मोजून मांद्र्याला येऊन वाळूत लोळतात आणि आमची पोर त्यांच्या थंडीत कुडकुडायला चाललीय, याला शहाणपण म्हणतात काय? मुलगी हसली. बायको हसली नाही. ती मला स्वयंपाकघरात म्हणाली, "तिका धाडूची नाय तर तशें सांगा. त्या आकाशाक कित्याक मध्ये घालतात?"



मग एका सकाळी चहाबरोबर उंडे पाव खाताना मी माझा हुकमी मुद्दा काढला. म्हटलं, मी तीसेक वर्षं मोजणी केली आहे, मला मोजणी शिकवू नकोस. कुठल्याही वस्तूचा आकार काढायचा तर तिच्या कडेला तरी उभं राहावं लागतं. विश्वाच्या बाहेर जाऊन कोण उभं राहिलंय? आतच बसून आकार कसा काढणार? मला वाटलं, आता पोरगी गप्प होते.

ती म्हणाली की आतूनच काढतात, आणि तुम्ही काढता तसाच काढतात. त्रिकोण टाकून. सपाट जागेत त्रिकोणाचे तीन कोन मिळून एकशे ऐंशी अंश होतात. जागाच वाकलेली असेल तर होत नाहीत. तिने टोपलीतला नारळ उचलला आणि त्यावर बोट फिरवून दाखवलं. शेंडीपासून खाली मध्यापर्यंत यायचं, तिथून काटकोनात वळून पाव फेरा घ्यायचा, पुन्हा काटकोनात वळून वर शेंडीला जायचं. त्रिकोण झाला, आणि तिन्ही कोन काटकोन. बेरीज दोनशे सत्तर. नारळावरच्या मुंगीला नारळाच्या बाहेर यायची गरजच नाही, कोन मोजले की तिला कळतं आपण कशावर चाललोय. विश्वाचंही तसंच. सगळ्यात जुना जो प्रकाश आपल्यापर्यंत पोचतो, त्यात काही ठिपके आहेत. ते प्रत्यक्षात केवढे असायला हवेत हे गणिताने ठाऊक आहे, किती लांब आहेत तेही ठाऊक आहे. म्हणजे त्रिकोणाच्या बाजू हातात आल्या. मग ते इथून केवढ्या कोनात दिसतात तेवढं मोजायचं.

मला हे समजलं, हीच माझी अडचण झाली. पाया ठाऊक, अंतर ठाऊक, कोन मोजायचा. हे तर मी कारकुनासारखं रोज करत होतो. मी विचारलं, मग काय निघालं? ती म्हणाली, सपाट. म्हणजे मोजणीत जेवढी चूक राहते तेवढ्या आत तरी सपाट. आणि आवाका? तर म्हणाली, जिथून प्रकाश आपल्यापर्यंत पोचलाय तेवढंच आपल्याला दिसतं. त्याच्या पलीकडे विश्व आहे, बहुतेक खूपच आहे, कदाचित संपतच नाही. पण तिथलं मोजमाप आपल्याकडे नाही, म्हणून तिथे आपण काही लिहायचं नाही.

हेही माझ्याच धंद्यातलं. खाणीच्या नकाशावर लीजच्या हद्दीचे दगड दाखवायचे आणि दगडांच्या बाहेर कागद कोरा ठेवायचा. बाहेर डोंगर नसतो असं नाही, पण आपण तो मोजलेला नसतो. उमेदीच्या काळात मी एकदा अंदाजाने बाहेरची टेकडी काढून दिली होती तेव्हा साहेबाने सगळ्यांसमोर नकाशा परत माझ्या हातात दिला होता.

पण हरायचं कसं? मी म्हटलं, एकशे ऐंशीच येणार होते तर त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? त्रिकोणाचे कोन एकशे ऐंशी हे आमच्या शाळेतल्या बाकांनाही ठाऊक होतं. मी तुला उद्या नदीवर मोजून दाखवतो.

ती शांतपणे म्हणाली, "मापा बाबा. आनी मापून झालें की माका हो काय ना तें सांगा. पूण तिनूय कोन मापा."

मी बरं म्हटलं. शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थिओडोलाइट पेटीत घालून स्कूटरवर बांधला आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या तीन काठ्या घेऊन निघालो. बऱ्याच वर्षांनी खांद्यावर तिपाई आली होती, आणि मी मनातून भलताच खूश होतो. नार्व्याला फेरीधक्क्यापासून शेताच्या बांधाने वर गेलं की चांगली मोकळी जागा आहे. तिथे बांधावर एक ठाणं, म्हणजे यंत्र लावायची जागा, धरलं. दुसरं तिथून बरंच वर, शेतात खारं पाणी येऊ नये म्हणून जी मानस, म्हणजे लाकडी झडपेची मोरी आहे, तिच्या शेजारी. दोन्हीकडे खुंट्या मारून काठ्या रोवल्या. तिसरं ठाणं नदीपलीकडे दिवाडीला. फेरीबोटीने जाऊन तिथेही खुंटी मारली, काठी रोवली, आणि यंत्र लावायला अलीकडे परत आलो.

पहिल्या ठाण्यावर कोन घेतला. दुसऱ्यावर घेतला. दोन्ही कोन मी दुर्बीण सुलट धरून दोनदा आणि उलटी करून दोनदा वाचले, इतकं चोख काम मी पगारावर असतानाही केलं नसेल. एवढ्यात ऊन चढलं. गुडघा बोलायला लागला. फेरीबोट पलीकडे लागून राहिली होती आणि फेरीवाले जेवायला बसले होते. मी तिवराच्या सावलीत टेकलो, वही उघडली, आणि दोन कोनांची बेरीज एकशे ऐंशीतून वजा करून तिसरा कोन लिहून टाकला.

यात मला काही गैर वाटलं नाही, हे कबूल करतो. पलीकडे जाणं जमत नसेल तर तिसरा कोन असाच काढतात. खाणीवर शंभर वेळा काढला. आणि जेव्हा तिन्ही मोजून बेरीज थोडी चुकायची, तेव्हा ती चूक तिन्ही कोनांत सारखी वाटून टाकायची, म्हणजे त्रिकोण बरोबर एकशे ऐंशीला बंद होतो आणि साहेब खूश होतो. आमच्यात त्याला लबाडी म्हणत नाहीत, रीत म्हणतात.

संध्याकाळी मी वही मुलीपुढे ठेवली. बेरीज एकशे ऐंशी अंश, शून्य मिनिटं, शून्य सेकंद. तिने पानं मागेपुढे केली. पहिल्या दोन कोनांची चार-चार वाचनं होती, तिसऱ्यासमोर एकच आकडा. तिने मान वर केली आणि विचारलं, "बाबा, हो कोन तुमी मापलो?"

मी चिडलो. खरंच चिडलो. म्हटलं, तुझ्या जन्माआधीपासून मी हे करतोय. गुडघा, ऊन, फेरीवाले, सगळं सांगितलं, आणि वर म्हटलं की तिथे जाऊन मोजला असता तरी तेवढाच आला असता.

"आयलो आसतो," ती म्हणाली, "पूण तुमी उत्तर घरातसून घेवन गेल्यात. मगीर विचारलें कोणाक?"

मी वही मिटली आणि बाहेर जाऊन पोफळींना पाणी सोडत उभा राहिलो. आमच्या पोफळींना त्या दिवशी पाण्याची गरज नव्हती. बायको मागच्या दारात आली, बघितलं, आत गेली.

माझा राग फार वेळ टिकत नाही, आणि तो गेला की मागे जे राहतं ते जास्त वाईट असतं. ती काय म्हणाली हे मला पुरतं कळलं होतं. विश्वाचा त्रिकोण एकशे ऐंशीचा भरतो की नाही, हाच तर त्या लोकांचा प्रश्न, आणि मी तो भरतोच असं धरून तिसऱ्या ठाण्यावर यंत्रच लावलं नव्हतं. तिच्या जाण्याचंही मी हेच केलं होतं. पाच वर्षांची सात, सातांची कायमची, हा सगळा हिशेब मी माझ्या खुर्चीवर बसून मांडला होता. तिला तिथे काय करायचंय, कशासाठी ती पुण्याला रात्रंदिवस राबली, परत यायचं तिच्या मनात आहे की नाही, यातलं एकही अक्षर मी तिला विचारलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

जेवताना मी सांगितलं की उद्या तिसरा कोन घ्यायला दिवाडीला जातो, कोणीतरी अलीकडच्या काठ्या धरायला हव्या. रोवलेल्या काठ्या गुरांनी पाडल्या होत्या हे खरं होतं. मुलगी लगेच हो म्हणाली. बायको म्हणाली, दुसरी काठी काय राखणीचा देवचार धरणार? मी येते.

त्यामुळे सकाळी आम्ही तिघं नदीवर गेलो. बायको छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन पहिल्या ठाण्यावर उभी राहिली. मुलगी वर मानशीकडे गेली. मी पेटी उचलून एकटाच फेरीबोटीत चढलो. फेरीवाल्याने पेटीत काय आहे विचारलं, मी त्रिकोण आहे म्हटलं, आणि तो माझ्याकडे बघून पुन्हा आपल्या दोरखंडाकडे वळला.

पलीकडे खुंटी जागेवर होती. तिपाई मांडली, ओळंबा खुंटीच्या खिळ्यावर आणला, पातळीचा बुडबुडा मध्ये आणला. मग अलीकडे, म्हणजे आता माझ्यासाठी पलीकडे, बघितलं. आयुष्य गेलं त्या काठावर, पण यंत्र लावून तिकडे कधी पाहिलं नव्हतं. शेतं, नारळांची रांग, मागे हिरवा डोंगर, आणि त्यात दोन माणसं एकमेकांपासून लांब उभी.

आधी दुर्बीण बायकोवर लावली. जुन्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, पाय वर आणि डोकं खाली. धंद्यातल्या माणसाला ते उलटं वाटतच नाही. तिची काठी कलली होती आणि छत्री उडायच्या बेतात होती. फोन करून सांगितलं, काठी सरळ धर. ती म्हणाली, माणूस सरळ बघा आधी. पण धरली.

मग दुर्बीण मुलीवर आणली. काठी ओळंब्यात होती. केसभरही इकडे नाही, तिकडे नाही. दोन्ही हातांनी, बोटांच्या टोकांनी धरलेली, खुंटीच्या बरोबर मागे पाय फाकून उभी. हे तिला मी शिकवलं नव्हतं, ती स्वतः विचार करून तशी उभी राहिली होती. मी वाचन घेतलं, पुन्हा बायकोवर गेलो, पुन्हा तिच्यावर आलो. दुर्बीण उलटी करून सगळं परत केलं. अर्धा तास तरी गेला असेल. ऊन तिच्या तोंडावर होतं. बायकोने मध्ये दोनदा हात बदलले, एकदा पाणी प्यायली, त्यात काही चुकलं नाही. मुलगी हलली नाही. तिला ठाऊक होतं की ती हलली तर आकडा बिघडेल, आणि आकडा बिघडलेला तिला चालणार नव्हता, मग तो बापाचं मन राखणारा असो की नसो. मला तिचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं आणि चौथं वाचन मला दोनदा घ्यावं लागलं.

बेरीज केली. एकशे ऐंशीला वीस सेकंद कमी. वीस सेकंद म्हणजे एका अंशाचा एकशे ऐंशीवा भाग, माझ्या यंत्रावरची सगळ्यात बारीक रेघ. हात शिवशिवले, सवयच ती, पण मी ते वीस सेकंद वाटले नाहीत. आले तसे वहीत लिहिले आणि तिला फोन लावला. फोन कानाला लावताना तिने एक हात काढला तरी काठी तशीच उभी.

आकडा सांगितला. वीस सेकंद कमी आहेत म्हटलं.

"ती हाताची चूक," ती म्हणाली. "वीस सेकंदांच्या चुकीत सपाट. इतलेंच म्हणूं येता." तिच्या आवाजात आनंद होता, माझ्या कोनाचा आनंद. मी मोजून झालं की उत्तर देतो म्हटलं होतं आणि ती आता ते विचारत नव्हती.

मी म्हटलं, "तें होकाराचें पत्र आज धाड. तूं वच बाय. माका भंय दिसता, पूण तो माजो. तूं वच."

मी दुर्बिणीला डोळा लावला. तिने फोन खिशात टाकला होता आणि पुन्हा दोन्ही हातांनी काठी धरली होती. तोंड खांद्यावर पुसत होती, आधी उजव्या, मग डाव्या, काठी न हलवता. का हलत नाही ही, मला कळेना. मग कळलं. खाणीवर काठी धरणाऱ्याला सर्वेअरने खूण केल्याशिवाय ठाणं सोडता येत नाही. फोनचा भरवसा नको म्हणून मीच तिला सकाळी सांगून ठेवलं होतं की माझं काम संपलं की मी दोन्ही हात डोक्यावर नेईन, तोवर जागची हलू नकोस. ती माझ्या हातांची वाट बघत होती.

फेरीबोट आली आणि गेली. मग मी यंत्रापासून दोन पावलं बाजूला झालो, तिला नीट दिसेल असा, आणि दोन्ही हात वर केले.